अर्धस्वयंचलित रायफल आणि प्रदेशागणिक बदलणारा कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्धस्वयंचलित रायफल बाळगणे कायदेशीर आहे का, असे कोणी विचारले तर आधी 'कुठे?' असे विचारावे लागते, आणि बहुतेक वेळा त्यापाठोपाठ 'कोणती, कधी घेतलेली आणि कशासाठी?' हेही विचारावे लागते. पुढील उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. या विषयातले कायदे वारंवार दुरुस्त होतात, म्हणून प्रत्यक्ष निर्णय घेण्यापूर्वी त्या त्या ठिकाणचा चालू कायदा पाहणे आवश्यक आहे.

अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे नेमके काय?

या रायफलीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस नळीत बसवण्याचे काम बंदूक स्वतःच करते. त्यासाठी लागणारा जोर गोळी सुटताना निर्माण झालेल्या वायूच्या दाबातून किंवा मागे बसणाऱ्या धक्क्यातून मिळतो. दुसरी गोळी झाडायची असेल तर चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. बोल्ट-ॲक्शन रायफलीत हेच काम प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करून करावे लागते, तर पूर्ण स्वयंचलित बंदुकीत चाप दाबून धरला आहे तोवर गोळ्या सुटत राहतात. अर्धस्वयंचलित रायफल या दोहोंच्या मधली आहे आणि कायद्याची सगळी ओढाताण या मधल्या जागेवरूनच होते.

हे तंत्र नवे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून शिकारीसाठीच्या अर्धस्वयंचलित रायफली बाजारात होत्या आणि कित्येक दशके त्यांच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिले नव्हते.

'असॉल्ट रायफल' आणि 'असॉल्ट वेपन' एकच आहेत का? 'एआर-१५' या अर्धस्वयंचलित रायफलीच्या नावातील 'एआर' कशाचे संक्षिप्त रूप आहे?

एकच नाहीत. लष्करी परिभाषेत असॉल्ट रायफल म्हणजे मध्यम ताकदीचे काडतूस वापरणारी आणि पूर्ण स्वयंचलित मारा करू शकणारी रायफल. 'असॉल्ट वेपन' ही मात्र कायद्याने घडवलेली संज्ञा आहे आणि तिचा अर्थ प्रत्येक कायद्याच्या व्याख्येच्या कलमात जो लिहिला असेल तेवढाच असतो. एका राज्यात त्या व्याख्येत बसणारी रायफल शेजारच्या राज्यात साधी रायफल असू शकते. 'एआर' ही अक्षरे आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून आली; त्या कंपनीने हा आराखडा १९५९ मध्ये कोल्ट कंपनीला विकला.

एकाच प्रकारच्या बंदुकीबद्दल कायद्यांत इतका फरक का पडतो?

कारण कायदे रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढतात. काही ठिकाणी बंदुकीची यंत्रणा हाच निकष असतो: ब्रिटनमध्ये .२२ रिमफायर (लहान, कमी ताकदीच्या काडतुसाची रायफल) वगळता प्रत्येक अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध आहे, मग ती लाकडी दस्त्याची असो की काळ्या प्लास्टिकची. युरोपीय संघात मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला जोडलेल्या काडतुसांच्या पेटीत, किती काडतुसे मावतात यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील अनेक राज्यांत बंदुकीची बाह्य अंगे, म्हणजे मुठीचा आकार, दुमडता येणारा दस्ता, नळीच्या टोकावरील जोडणी यांची गणना होते. कॅनडात मॉडेलच्या नावांची यादीच राजपत्रात प्रसिद्ध होते. ऑस्ट्रेलियात बंदुकीइतकाच बंदूक मागणारा माणूस आणि त्याचे कारण तपासले जाते. याखेरीज तारीख हा एक निकष जवळपास सर्वत्र आढळतो, कारण बंदीच्या आदल्या दिवशी घेतलेली आणि दुसऱ्या दिवशी घेतलेली बंदूक कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू ठरू शकतात.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. यांतील बहुतेक कायदे शांतपणे विचार करून एकत्रितपणे रचलेले नाहीत. ते एकेका हत्याकांडानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झालेले आहेत, आणि त्या घटनेत जी बंदूक वापरली गेली तिचा ठसा कायद्याच्या भाषेवर उमटलेला दिसतो.

अमेरिकेचा केंद्रीय कायदा काय सांगतो?

केंद्रीय पातळीवर सर्वसाधारण अर्धस्वयंचलित रायफलीवर आज बंदी नाही, आणि ती बाळगण्यासाठी केंद्रीय परवाना किंवा नोंदणीही लागत नाही. १९६८ च्या कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेण्यासाठी १८ वर्षांची अट घातली आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेल्यांसह काही व्यक्तींना बंदूक बाळगण्यास मनाई केली. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून विक्रेत्यांनी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासण्याची पद्धत आली आणि नोव्हेंबर १९९८ पासून ती संगणकीय यंत्रणेमार्फत चालते. दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला ही तपासणी केंद्रीय कायद्याने लागू नाही. अनेक राज्यांनी ती स्वतःच्या कायद्याने लागू केली आहे.

१९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट मात्र एका बाबतीत येथेही आडवा येतो. रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर ती वेगळ्या वर्गात जाते आणि तिची नोंदणी करावी लागते. नळी मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे: बंदूक रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून एक काठी बोल्टला टेकेपर्यंत आत सरकवायची, तोंडाशी खूण करायची आणि काठी बाहेर काढून मोजायची. पट्टी पावणेसोळा इंच दाखवत असेल तर नोंदणीविना ती रायफल बाळगणे हा केंद्रीय गुन्हा आहे. या नोंदणीसाठी पूर्वी २०० डॉलर कर होता. २०२५ च्या कायद्याने तो १ जानेवारी २०२६ पासून अशा रायफलींपुरता शून्यावर आणला, परंतु नोंदणीची अट तशीच राहिली. मशीनगनचे प्रकरण निराळे आहे. १९ मे १९८६ नंतर तयार झालेली मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही.

अमेरिकेत १९९४ मध्ये देशभर बंदी होती ना? ती का संपली?

होती. १३ सप्टेंबर १९९४ रोजी लागू झालेल्या त्या कायद्यातच दहा वर्षांची मुदत लिहिलेली होती आणि काँग्रेसने ती न वाढवल्यामुळे १३ सप्टेंबर २००४ रोजी बंदी आपोआप संपली. कायद्याने १९ बंदुकांची नावे घेतली होती आणि शिवाय एक कसोटी ठेवली होती: मॅगझिन सुटे करता येत असेल आणि संगीन बसवण्याची खुंटी, ज्वालारोधक (नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाला लपवणारी जोडणी), दुमडणारा दस्ता, खाली निघालेली पिस्तुलासारखी मूठ अशा पाच वैशिष्ट्यांपैकी दोन असतील, तर ती रायफल निषिद्ध. उत्पादकांनी संगीनीची खुंटी आणि ज्वालारोधक काढून टाकले आणि तीच रायफल कायदेशीरपणे विकली. यंत्रणा, काडतूस आणि वेग यांत काहीही बदलले नव्हते. दहापेक्षा अधिक काडतुसांची नवी मॅगझिने विकण्यासही मनाई होती, पण आधी तयार झालेली मॅगझिने आणि बंदुका कायद्यातून वगळलेल्या असल्याने त्यांची खरेदी-विक्री उघडपणे चालू राहिली.

केवळ बाह्य अंगांवर आधारलेली व्याख्या किती पोकळ ठरू शकते याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. तिचे समर्थक मॅगझिनवरील मर्यादेला अधिक महत्त्व देतात, आणि कायद्याचा तो भाग खरोखरच अधिक विचारपूर्वक लिहिलेला होता.

आज अमेरिकेच्या कोणकोणत्या राज्यांत बंदी आहे?

सर्वांत आधी कॅलिफोर्नियाने, स्टॉकटन येथील शाळेतील जानेवारी १९८९ च्या गोळीबारानंतर, त्याच वर्षी कायदा केला. न्यू जर्सीने १९९० मध्ये आणि कनेक्टिकटने १९९३ मध्ये त्याचे अनुकरण केले. न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २६ जण मारले गेल्यानंतर न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मेरिलँड यांनी २०१३ मध्ये आपले कायदे कडक केले. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९९८ पासून असून २०२४ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. डेलावेअर २०२२ मध्ये, इलिनॉय आणि वॉशिंग्टन ही राज्ये २०२३ मध्ये या यादीत आली. राजधानी वॉशिंग्टन डी. सी. मध्येही बंदी आहे. ऱ्होड आयलंडने २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याची अंमलबजावणी १ जुलै २०२६ पासून ठरवली.

परंतु 'बंदी' हा शब्द येथे जपून वाचावा. वॉशिंग्टन राज्याचा आणि ऱ्होड आयलंडचा कायदा विक्री व उत्पादन थांबवतो, पण हाती असलेली रायफल बाळगण्यास मनाई करत नाही. इलिनॉयमध्ये आधीच्या मालकांना १ जानेवारी २०२४ पूर्वी शपथपत्र दाखल करण्यास सांगितले गेले. कोलोरॅडोने संपूर्ण बंदीऐवजी प्रशिक्षण आणि पूर्वतपासणीची वाट निवडली. तो २०२५ चा कायदा ऑगस्ट २०२६ पासून लागू होण्यासाठी लिहिला गेला. व्हरमाँटमध्ये रायफलीवर बंदी नाही, पण लांब बंदुकांच्या मॅगझिनवर दहा काडतुसांची मर्यादा २०१८ पासून आहे. फ्लोरिडाने पार्कलँडच्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये कोणतीही बंदूक विकत घेण्याचे वय २१ केले, आणि बंदुकांबाबत सैल समजल्या जाणाऱ्या राज्याने हे केले म्हणून त्याची विशेष चर्चा झाली. टेक्सास किंवा ॲरिझोनामध्ये या रायफलींसाठी राज्याची वेगळी बंदी नाही, आणि शहरांना स्वतःचे कडक नियम करण्यासही तेथील कायदा आडकाठी करतो.

शहरापुरता कायदा करण्याची मुभा असली तरी त्याला हद्दीची मर्यादा राहतेच. शिकागोजवळील हायलँड पार्क या शहराने २०१३ मध्येच स्वतःपुरती बंदी घातली होती. मात्र शहराच्या वेशीबाहेर ती रायफल घेणे कायदेशीरच होते. ४ जुलै २०२२ रोजी त्याच शहरातील मिरवणुकीवर गोळीबार झाला, आणि त्यानंतर इलिनॉयने संपूर्ण राज्यासाठी कायदा केला.

एकच रायफल एका रूपात कायदेशीर आणि दुसऱ्या रूपात बेकायदेशीर कशी असू शकते?

कॅलिफोर्नियात हे रोज घडते. तेथे सेंटरफायर (रिमफायरहून सहसा अधिक ताकदीचे) काडतूस वापरणाऱ्या आणि सुटे मॅगझिन घेणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलीवर ठरावीक वैशिष्ट्यांपैकी एक जरी आढळले तरी ती निषिद्ध ठरते. म्हणून दुकानात एआर-१५ ची अशी आवृत्ती मिळते की जिच्या मुठीला मागच्या बाजूने माशाच्या परासारखी एक चपटी पट्टी जोडलेली असते. त्या पट्टीमुळे अंगठा मुठीभोवती वळवता येत नाही, तो इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा लागतो, आणि मग ती कायद्याच्या अर्थाने 'पिस्तुलासारखी मूठ' राहत नाही. दस्ता एकाच लांबीवर पक्का केलेला असतो आणि नळीच्या टोकावर ज्वालारोधक नसतो. दुसरा मार्ग म्हणजे मॅगझिनच कायमचे बसवून टाकणे, जेणेकरून बंदुकीची जुळणी उघडल्याशिवाय ते निघणार नाही.

रुगर मिनी-१४ ही रायफल याच्या उलट बाजूने पाहता येते. तिचा दस्ता साधा, लाकडी आणि शेतावरच्या बंदुकीसारखा असतो, पण तिचे नेहमीचे काडतूस एआर-१५ प्रमाणेच .२२३ चे आहे आणि तीही सुटे मॅगझिन घेते. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने न दुमडणाऱ्या दस्त्याच्या मिनी-१४ चे नाव 'वगळलेल्या' बंदुकांच्या यादीत लिहिले होते. कॅलिफोर्नियात ती साध्या रूपात आजही घेता येते. कॅनडात ती अनेक वर्षे सर्वांत सौम्य वर्गात होती, तर एआर-१५ केवळ नेमबाजीच्या मैदानावर नेता येत असे. मे २०२० मध्ये दोघींनाही एकाच आदेशाने बंदी झाली. ब्रिटनमध्ये तर १९८८ पासूनच दोघींना जागा नाही. बंदूक तीच आहे, तिच्या एकाही सुट्या भागात फरक नाही.

बंप स्टॉक लावल्यास अर्धस्वयंचलित रायफल मशीनगन ठरते का?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नाही. बंप स्टॉक हा असा सरकता दस्ता असतो की ज्यामुळे धक्क्याने रायफल मागेपुढे होत राहते आणि स्थिर बोटावर चाप वारंवार आपटून गोळ्या झपाट्याने सुटतात. लास व्हेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ रोजी झालेल्या हत्याकांडात त्याचा वापर झाल्यावर केंद्रीय यंत्रणेने नियम करून त्याला मशीनगनच्या व्याख्येत आणले. सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी हा नियम रद्द केला. बहुमताचे म्हणणे असे की कायद्यातील मशीनगन 'चापाच्या एका क्रियेने' अनेक गोळ्या झाडते, आणि येथे प्रत्येक गोळीसाठी चापाची क्रिया पुन्हा होते. अनेक राज्यांनी बंप स्टॉकवर स्वतःच्या कायद्याने घातलेली बंदी या निकालाने उठलेली नाही.

अमेरिकेची न्यायालये राज्यांच्या बंदीकडे कसे पाहतात?

२००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या घटनादुरुस्तीतील शस्त्र बाळगण्याचा हक्क हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले, आणि २०१० मध्ये तो राज्यांनाही लागू केला. जून २०२२ च्या ब्रुएन निकालाने कसोटी बदलली. सार्वजनिक सुरक्षेचा हेतू किती महत्त्वाचा आहे हे आता तोलायचे नाही; आजचा निर्बंध देशाच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतो का, एवढेच पाहायचे. त्यामुळे एकविसाव्या शतकातील रायफलीबद्दलच्या खटल्यात अठराव्या शतकातील दारूगोळा साठवण्याच्या नियमांवर पानेच्या पाने युक्तिवाद होऊ लागले, हा या निकालाचा काहीसा विचित्र परिणाम आहे.

चौथ्या सर्किटच्या, म्हणजे मेरिलँड ज्याच्या अखत्यारीत येते त्या केंद्रीय अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मेरिलँडची बंदी वैध ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. परंतु न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र निवेदनात, पुढील एक-दोन सत्रांत न्यायालयाने हा प्रश्न हाती घ्यावा असे सूचित केले. त्यामुळे राज्यांच्या सध्याच्या बंदीला पक्के समजून चालता येत नाही, आणि ती लवकरच कोसळेल असेही गृहीत धरता येत नाही.

कॅनडात परिस्थिती कशी आहे?

कॅनडात बंदूक बाळगण्यासाठी परवाना आणि सुरक्षा प्रशिक्षण दोन्ही लागतात, आणि बंदुका अनिर्बंध, निर्बंधित व निषिद्ध अशा तीन वर्गांत विभागलेल्या आहेत. सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफलीच्या मॅगझिनमध्ये सामान्यतः पाच काडतुसांची मर्यादा असते. मोठे मॅगझिन असेल तर आत आडवा रिव्हेट ठोकून त्याची क्षमता कायमची कमी केलेली असावी लागते.

नोव्हा स्कोशियात एप्रिल २०२० मध्ये २२ जणांचा बळी गेल्यानंतर सरकारने १ मे २०२० रोजी सुमारे १,५०० मॉडेलांना निषिद्ध ठरवले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी ३२४ आणि मार्च २०२५ मध्ये १७९ मॉडेलांची भर पडली. आधीच्या मालकांना माफीची मुदत देण्यात आली आणि ती अनेकदा वाढवावी लागली, कारण बंदुका परत विकत घेण्याची योजना प्रत्यक्षात आणायला वर्षे लागली. उदरनिर्वाहासाठी शिकार करणाऱ्या आदिवासी समुदायांना पर्यायी बंदूक मिळेपर्यंत या मुदतीत वापराची सवलत ठेवली गेली. यादीच्या पद्धतीत एक अडचण मुळातच आहे: ज्याचे नाव यादीत नाही ते मॉडेल कायदेशीर राहते, आणि मग पुन्हा नवी यादी काढावी लागते. या तीन आदेशांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे कायदे सारखेच आहेत का?

बाहेरून तसे वाटते, पण दोघांचा प्रवास वेगळा आहे. टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ जण मारले गेले आणि अवघ्या बारा दिवसांत, १० मे रोजी, ऑस्ट्रेलियाचे केंद्र आणि राज्ये राष्ट्रीय करारावर एकमत झाली. बंदुकांचे कायदे तेथे राज्यांच्या अखत्यारीत असल्यामुळे प्रत्येक राज्याला तो करार स्वतःच्या कायद्यात उतरवावा लागला, आणि म्हणूनच तपशिलात आजही राज्याराज्यांत फरक आहेत. सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफली 'डी' वर्गात गेल्या, ज्या सरकारी कामे आणि उपद्रवी प्राण्यांचे व्यावसायिक नियंत्रण करणाऱ्यांपुरत्याच उरल्या. दहापर्यंत काडतुसे घेणारी .२२ रिमफायर अर्धस्वयंचलित रायफल 'सी' वर्गात असून प्रामुख्याने शेतकऱ्यांना गरज सिद्ध केल्यास मिळते. स्वसंरक्षण हे परवान्यासाठी वैध कारण मानले जात नाही. सरकारने मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या.

न्यूझीलंडने अशीच संधी एकदा घेतली होती, पण अर्धवट. अरामोआना येथील १९९० च्या हत्याकांडानंतर १९९२ मध्ये लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांसाठी 'ई' वर्ग तयार झाला. मात्र साध्या धाटणीच्या, सात काडतुसांपर्यंतचे मॅगझिन लावलेल्या रायफली 'ए' वर्गात राहिल्या, आणि त्यांच्यासाठी सर्वसाधारण परवाना पुरत असे. मोठे मॅगझिन लावताच बंदुकीचा वर्ग बदलायचा, पण ते लावण्यापासून रोखणारे काही नव्हते. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा जीव घेणाऱ्याने नेमकी हीच फट वापरली. महिन्याभरात संसदेने ११९ विरुद्ध १ मताने नवा कायदा केला. दहापर्यंत काडतुसांची .२२ रिमफायर रायफल आणि पाचपर्यंत काडतुसांच्या, मॅगझिन न सुटणाऱ्या शॉटगन वगळता अर्धस्वयंचलित बंदुका निषिद्ध झाल्या; डिसेंबर २०१९ पर्यंत चाललेल्या योजनेत सुमारे ५६,००० बंदुका जमा झाल्या. उपद्रवी प्राण्यांचे नियंत्रण करणारे व्यावसायिक आणि संग्राहक यांना मर्यादित अपवाद आहेत.

ब्रिटनमध्ये .२२ रिमफायरला सूट का?

१९ ऑगस्ट १९८७ रोजी हंगरफर्ड येथे १६ जणांचा बळी गेल्यावर १९८८ च्या कायद्याने अर्धस्वयंचलित आणि पंप-ॲक्शन (नळीखालचा दस्ता हाताने मागेपुढे सरकवून भरायच्या) रायफली निषिद्ध केल्या. .२२ रिमफायर काडतूस लहान, कमी ताकदीचे आणि ससे मारण्यासाठी व नेमबाजीच्या सरावासाठी वापरले जाणारे असल्याने ते वगळले गेले. तरीही त्यासाठी पोलिसांकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि योग्य कारण दाखवावे लागते.

पुढे असे आराखडे निघाले की ज्यात गोळी सुटल्यावर बोल्ट मागे जाऊन थांबतो आणि एक खटका दाबल्यावरच पुढे येतो. म्हणजे बंदूक तांत्रिक अर्थाने पूर्ण अर्धस्वयंचलित नाही, पण जवळजवळ तितक्याच वेगाने चालते. २०१९ च्या कायद्याने त्यांच्यावरही बंदी आणली. एकाच राज्यसंस्थेतही कायदा एकसारखा नसतो याचे उदाहरण म्हणून उत्तर आयर्लंडकडे पाहता येईल: १९९७ ची पिस्तुलबंदी ग्रेट ब्रिटनपुरती आहे, उत्तर आयर्लंडला ती लागू नाही.

युरोपीय संघात सर्वत्र एकच नियम आहे का?

किमान नियम एकच आहे. त्याहून कडक होण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. बंदुकांबाबतच्या संघाच्या १९९१ च्या निर्देशात २०१७ मध्ये मोठी सुधारणा झाली. त्यानुसार दहापेक्षा अधिक काडतुसांचे मॅगझिन लावलेली सेंटरफायर अर्धस्वयंचलित रायफल, दस्ता दुमडून ६० सेंटिमीटरपेक्षा आखूड होणारी अर्धस्वयंचलित लांब बंदूक, आणि मुळात पूर्ण स्वयंचलित असून नंतर बदललेली बंदूक या सगळ्या निषिद्ध 'ए' वर्गात येतात. क्रीडा नेमबाज, संग्राहक आणि संग्रहालये यांना काटेकोर अटींवर अपवाद मिळू शकतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की अपवाद नसलेल्या परवानाधारकाकडे मोठे मॅगझिन सापडले, तर बंदुकीचा परवाना काढून घेतला जाऊ शकतो.

जर्मनीत शिकारीच्या वेळी अर्धस्वयंचलित रायफलीत एकूण तीनपेक्षा अधिक काडतुसे भरता येत नाहीत. चेक प्रजासत्ताकाने २०१७ च्या सुधारणेला युरोपीय न्यायालयात आव्हान दिले, ते डिसेंबर २०१९ मध्ये फेटाळले गेले. त्यानंतर २०२१ मध्ये त्या देशाने शस्त्राने स्वसंरक्षण करण्याचा हक्क आपल्या मूलभूत हक्कांच्या सनदेतच लिहून टाकला.

स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नाही, पण शेंगेन व्यवस्थेत (सीमेवर तपासणीविना प्रवासाच्या करारात) राहण्यासाठी त्याला हे नियम स्वीकारावे लागले. १९ मे २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतदारांनी होकार दिला. निषिद्ध वर्गातील रायफल घेणाऱ्या क्रीडा नेमबाजाला आता पाच आणि दहा वर्षांनी, आपण नेमबाजी संघटनेचे सदस्य आहोत किंवा नियमित नेमबाजी करतो हे दाखवावे लागते. लष्करी सेवा संपवून स्वतःची सेवा-रायफल थेट सैन्याकडून विकत घेणाऱ्याला मात्र ती ठेवता येते. तिची पूर्ण स्वयंचलित क्षमता त्याआधी काढून टाकलेली असते.

भारत आणि जपान येथे काय स्थिती आहे?

भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. सामान्य परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. अर्धस्वयंचलित रायफली मात्र निर्बंधित वर्गात असल्याने त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. व्यवहारात सर्वसामान्य अर्जदारासाठी हे दार बंदच आहे असे समजावे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

जपानमध्ये १९५८ चा कायदा आहे. तेथे शिकारीसाठी रायफल हवी असलेल्याला आधी साधारणपणे दहा वर्षे शॉटगन बाळगल्याचा अनुभव असावा लागतो, आणि बंदुकीची पोलिसांकडून नियमित तपासणी होते.

बंदी येण्यापूर्वी घेतलेल्या रायफलीचे काय होते?

तीन मार्ग दिसतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मोबदला देऊन बंदुका परत घेतल्या. कनेक्टिकट आणि इलिनॉय यांनी ठरावीक मुदतीत नोंद केलेल्यांना त्या ठेवू दिल्या. वॉशिंग्टन राज्याने नोंदसुद्धा मागितली नाही. नोंदीची मुदत चुकवणे हा या विषयातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारा प्रमाद आहे, कारण मुदत उलटून गेल्यावर कायदेशीर मार्ग सहसा राज्याबाहेर विकणे, नष्ट करणे किंवा पोलिसांकडे जमा करणे एवढेच उरतात. वारसाहक्काने आलेल्या बंदुकीबाबत तर मूळ मालकाची सूट वारसाकडे जाते की नाही हे प्रत्येक कायद्यात स्वतंत्रपणे पाहावे लागते.

कायदेशीर ठिकाणाहून दुसऱ्या कायदेशीर ठिकाणी जाताना मधले राज्य कडक असेल तर?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात यासाठी संरक्षण आहे: प्रवासाची सुरुवात आणि शेवट दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे कायदेशीर असेल, ती रिकामी असेल आणि ती किंवा काडतुसे प्रवाशाच्या हाताशी नसतील, तर मधल्या राज्यातून नेता येते. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी लागते. हे संरक्षण सलग प्रवासासाठी आहे, वाटेत चार दिवस मुक्काम करण्यासाठी नाही. देशांच्या सीमेवर असे काही संरक्षण नसते; तेथे दोन्ही देशांची परवानगी आधी घ्यावी लागते. युरोपीय संघात त्यासाठी युरोपीय शस्त्र-पासपोर्ट असतो.

'ही बंदूक निषिद्ध आहे हे मला माहीत नव्हते' असे म्हणता येते का?

कुठे आणि काय माहीत नव्हते यावर ते ठरते. १९९४ च्या स्टेपल्स खटल्यात आरोपीकडे सापडलेल्या एआर-१५ मधील धातूचा एक अडसर घासून काढलेला होता आणि आत लष्करी एम-१६ चे काही भाग बसवलेले होते, त्यामुळे ती पूर्ण स्वयंचलित चालू शकत होती. बंदूक आपल्या हातून कधी तशी चाललीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बंदुकीचा हा गुण आरोपीला माहीत होता हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. मात्र हे संरक्षण बंदुकीबद्दलच्या अज्ञानाला आहे, कायद्याबद्दलच्या अज्ञानाला नाही. ब्रिटनमध्ये एवढीही सवड नाही: निषिद्ध शस्त्र ताब्यात असणे हाच गुन्हा आहे, ते निषिद्ध आहे हे माहीत असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, आणि अर्धस्वयंचलित रायफलीसाठी प्रौढ आरोपीला, अपवादात्मक परिस्थिती वगळता, किमान पाच वर्षांची कैद ठरलेली आहे.